आठे भोक शे

आमच्या नव्या पडद्याला भोक आहे हे मला पडदा लावल्यापासून दहाव्या मिनिटाला कळलं. ज्यानं कळवलं त्या माणसाला मी त्याआधी कधी पाहिलेलंही नव्हतं. बँकेनं बदली करून मला कोल्हापूरहून उचललं आणि सुरतेत उधन्याला आणून टाकलं, त्याला दोन दिवस झाले होते. सामान अजून खोक्यांत होतं. दार उघडं बघून साठी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस सरळ आत आला. मे महिना असूनही पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ना नमस्कार ना चमत्कार. त्यानं पडद्याचं टोक हातात घेतलं, खिडकीच्या उजेडावर ताणलं, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि एका जागी बोट टेकवलं.

"आठे भोक शे," तो म्हणाला.

मला वाटलं, हा गुजराती असावा. मी माझ्या मोडक्या हिंदीत 'क्या चाहिए' म्हणेपर्यंत त्यानं खिशातून लाल खडू काढला आणि माझ्या कोऱ्या पडद्यावर बोराएवढी फुली मारली. आमची ही आतून आली. तिनं फुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, जसं काही ती मीच मारली होती.

"खडू धुईसन निंघस," त्या माणसानं तिची समजूत घातली. "भोक निंघत नही." आणि तो निघून गेला.

इथे भोक आहे; खडू धुऊन निघतो, भोक निघत नाही. हे अहिराणी आहे, म्हणजे खान्देशातली घरची बोली, हे मला पुढे कळलं. भोक मात्र खरंच होतं. मोहरीएवढं. मला ते दिसायला चष्मा पुसावा लागला.

तर हे शांताराम आप्पा, आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे. जळगावकडून तरुणपणी सुरतेला आले आणि पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये कापड तपासायच्या टेबलावर उभे राहिले, ते निवृत्त होईपर्यंत उभेच होते. टेबल म्हणजे एक तिरकी काच, काचेखाली ट्यूबलाइट. पलीकडून एक जण कापड ओढतो, कापड काचेवरून सरकतं आणि तपासणारा बघतो. भोक, डाग, तुटलेली तार. सापडलं की खडूची फुली. बत्तीस वर्षं हेच. मी एकदा हिशेब करायला गेलो, त्यांच्या डोळ्यांखालून किती कापड गेलं असेल. आप्पा म्हणाले, मोजू नका साहेब, मलेच चक्कर येस.

अशा माणसाला घरी बसवलं तर तो काय करणार? बघणार. दुकानदारानं पिशवी दिली की ती आधी उजेडावर धरणार. गणपतीच्या मांडवात सगळे मूर्तीकडे बघत होते तेव्हा आप्पा छताच्या कापडाकडे बघत होते. माझ्या बँकेत आले आणि काउंटरच्या जाळीवर फुली मारून गेले. आमच्या मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, शेजारी. त्यांनी 'अरेरे' एवढंच म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, माणूस सदा वाईटच बघतो का? तसं नाही. कापड बिनदोष असलं तर तेही सांगायला लागतं, नाहीतर पलीकडचा ओढायचा थांबतो. तेव्हा आप्पा म्हणत, "जाऊ दे." बस्स. छान नाही, सुंदर नाही, शाबास तर नाहीच नाही. जाऊ दे म्हणजे हे पास झालं, याला बाजारात तोंड दाखवायला हरकत नाही. माझ्या हिनं एकदा त्यांना पुरणपोळी दिली. त्यांनी ती उजेडावर धरली तेव्हा तिच्या कपाळावर आठी चढली, पण आप्पा म्हणाले, "जाऊ दे," आणि सबंध खाल्ली. त्या दिवसापासून ही त्यांच्या बाजूची आहे. मला मात्र दीड वर्षात एकदाही ते मिळालं नाही. माझ्या शर्टांना, स्कूटरच्या सीटला, बोलण्याला, सगळ्याला फुली.

या सवयीनं त्यांचं घर मोडलं. हे मला जिग्नेशभाईनं सांगितलं. जिग्नेशभाईची पांडेसऱ्यातल्या मैदानाबाहेर लारी, म्हणजे हातगाडी आहे, चहाची आणि लोचोची; लोचो म्हणजे सुरतेचा मऊ, लगद्यासारखा खमण. ज्या समारंभात हे घडलं तिथला चहा त्याचाच होता.

आप्पांची बायको वारली आणि वर्षाच्या आत मुलाचं, प्रवीणचं लग्न ठरलं. मुलगी स्वाती, त्यांच्याच खान्देशातली, तिच्या वडलांचं सुरतेतच, पर्वत पाटिया भागात साड्यांचं दुकान. साखरपुड्यात मुलाकडच्यांनी मुलीला साडी द्यायची असते. पण व्याही म्हणाले, साडी आमच्याच दुकानातली घ्या, इतकी भारी तुम्हाला कुठे मिळणार नाही. आप्पा हो म्हणाले. साडीचं ताट आलं, दीडशे माणसं बसलेली, डोक्यावर चार ट्यूबलाइट. आप्पांनी साडी हातात घेतली. पुढचं त्यांनी केलंच नाही, हातांनी केलं, असं जिग्नेशभाईचं म्हणणं. साडी उलगडली, वर धरली गेली, नजर पदरापाशी थांबली.

"आठे भोक शे."

आणि खिशातून खडू निघाला.

साखरपुड्याच्या साडीवर लाल फुली. व्याह्यांच्या दुकानाची अब्रू दीडशे माणसांसमोर गेली. लग्न झालं, कारण पोरांना करायचं होतं, पण आप्पांना एका खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, एवढंच. लग्नानंतर प्रवीण बायकोला घेऊन पर्वत पाटियाला राहायला गेला. बापलेकांत त्यानंतर शब्द नाही. मी एकदा आप्पांसमोर हा विषय काढायचा आगाऊपणा केला. त्यांनी खिशातला खडू चाचपला. मग म्हणाले, "पन भोक व्हतं."

आता फुटबॉल. सुरतेत फुटबॉल कोण खेळतो, असं मला वाटलं होतं. आम्ही कोल्हापूरचे, आमच्याकडे पेठापेठांतून लोक जेवायचं विसरतील, मॅच विसरणार नाहीत. जिग्नेशभाई म्हणाला, अमारे पण छे साहेब, रविवारी सकाळी या. गेलो. मैदानावर गवत कमी आणि धूळ जास्त होती. मिलमधले, लूमवरचे, टेम्पो चालवणारे असे गडी जमले होते, आणि त्यांची एक टीम, 'उधना इलेव्हन', मनापासून गोल खात होती. असा बचाव मी जन्मात पाहिला नव्हता. सोबतीला लारीवर नेहमी बसणारे महाजन सर होते, रिटायर्ड गणित शिक्षक. ते म्हणाले, "ही आमची धर्मशाळा. दिवसरात्र उघडी. कोणीही यावं, गोल करून जावं."

आणि गोलच्या जाळीमागे, हात पाठीशी बांधून, गळ्यापर्यंत बटणं लावून, आप्पा उभे.

"तुम्हाला फुटबॉल आवडतो?" मी विचारलं.

"नही."

"मग इथे काय करताय?"

ते जाळी चाचपत होते. "आठे भोक शे," ते म्हणाले.

"आप्पा, जाळी आहे ती. तिला भोकंच असतात."

"त्या तिना सोताना शेतस," ते म्हणाले. "हाई वरतानं शे." म्हणजे ती तिची स्वतःची, हे वरचं, जादाचं. तेवढ्यात एक बॉल नेमका त्या वरच्या भोकातून आरपार गेला आणि गोल झाला की नाही यावर पंधरा मिनिटं भांडण झालं.

त्या भांडणात आमच्याकडून चार नंबरचा बॅक पुढे होता. उंच, किडकिडीत. त्याची हनुवटी बघितली आणि मला आप्पा जाळीमागे का उभे असतात ते कळलं. प्रवीण. दर रविवारी दीड तास आप्पांना मुलगा दिसायचा, बहुतेक पाठमोरा. प्रवीण त्या बाजूला बघत नसे. अर्धी मॅच झाली की टीमची बाजू बदलायची. मग आप्पा मैदानाला लांबून वळसा घालून दुसऱ्या गोलमागे जायचे.

मोसम निम्मा सरला आणि महाजन सरांनी गणित मांडलं. लीगचा नियम असा की तळाला राहील ती टीम पुढच्या वर्षी नाही. उधना इलेव्हन तळाला होती आणि तिथेच छान रुळली होती. खेळाडूही म्हणायला लागले, बंद करू, रविवारी झोपू तरी. लारीवर सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि बराच वेळ खडूशी खेळत राहिले.

"साहेब, टीम बंद पडनी तं मी रविवारले काय करू?"

मी म्हटलं, आप्पा, त्याला जाऊन भेटा. त्यांनी मान हलवली, आणि विषय बदलल्यासारखं करून म्हणाले, "चार नंबरले सांगा, तो फुडे पयस, मांगे भोक पडस." आप्पांच्या बोलीत ळ चा य होतो, पळतो म्हणजे पयस. चार नंबर पुढे पळतो, मागे भोक पडतं. नाव घ्यायचं नाही, चार नंबर म्हणायचं.

"तुम्हीच सांगा की."

"मी सांगं तं तो उलटं करी. तुम्ही कोल्हापूरना. तुमनं ऐकी."

आणि त्यांनी माझ्या टेबलावर खडूनं आकृती काढली. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, ऑफसाइड म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण ते म्हणाले, हे कापड आहे, दुसरं काय. मागचे चौघे म्हणजे ताणा. ताण्याच्या तारा उभ्या असतात, जागा सोडत नाहीत, दोन तारांत अंतर सारखं. एक सरकली तर सगळ्या सरकायच्या. मधले दोघे म्हणजे बाणा, आडवं फिरायचं काम त्यांचं. कडेचे दोघे किनार. किनार उसवली की सगळं कापड गेलं. आणि चार नंबर आणि पाच नंबरच्या मध्ये जोड आहे, फाटतं ते नेहमी जोडाशी, तिथे जोर येऊ देऊ नये.

मी थक्क झालो. पेठेतल्या मॅचेस बघण्यात माझी चाळीस वर्षं गेली, पण मला हे एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. जिग्नेशभाईकडून नंबर घेऊन मी प्रवीणला फोन लावला. मी बँकेतला, फुटबॉलचा शौकीन, आमच्याकडे कोल्हापुरात असं असं खेळतात, म्हणून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सांगत जा साहेब. अजून काही असलं तर सांगत जा."

दर रविवारी संध्याकाळी आप्पा यायचे, फुल्या मारायचे, मी सोमवारी फोन करायचो. टेबल पुसून पुसून ही वैतागली. पण गोल कमी व्हायला लागले. आधी सहा खायचे ते तीन खाल्ले. मग एक. मग एका रविवारी एकही नाही, बरोबरी झाली, आणि गोलकीपर एवढा गोंधळला की मॅच संपल्यावरही उभाच राहिला. लारीवर माझा भाव वधारला. जिग्नेशभाई माझ्या चहात आलं जास्त घालायला लागला. महाजन सर मला 'कोल्हापूरचे मास्तर' म्हणायला लागले. आणि मी, खोटं कशाला बोलू, ते ऐकून घ्यायला लागलो.

शेवटची मॅच आमच्या वर असलेल्या टीमशी होती. जिंकलो तर राहिलो, नाहीतर टीम संपली. आप्पा सकाळी साडेसहालाच गोलमागे जाऊन उभे राहिले. सुरुवातीलाच कॉर्नरवरून आमच्या टेम्पोवाल्यानं डोक्यानं गोल मारला. ते डोकं त्यानं मुद्दाम लावलं की चुकून लागलं यावर अजून मतभेद आहेत. त्यानंतर सव्वा तास फक्त बचाव. चौघे एका ओळीत, डावीकडे गेले तर चौघेही डावीकडे. किनार जागेवर. चार आणि पाच एकमेकांना हाका मारत होते, जोडाशी कोणाला फिरकू देत नव्हते. मी अधूनमधून आप्पांकडे बघत होतो. ते शर्टाचं वरचं बटण पिळत होते, सोडत होते, पुन्हा पिळत होते. शिट्टी वाजली तेव्हा बटण त्यांच्या हातात होतं.

लारीवर लग्नघर उतरल्यासारखी गर्दी झाली. जिग्नेशभाई लोचो वाढता वाढता बोलत होता, "डिफेन्स एटले डिफेन्स. आजे तो भींत हती, भींत."

"भिंत नव्हे," महाजन सर म्हणाले, "भिंत हलत नाही. हे सगळे मिळून हलत होते. मी मोजत होतो. पाच नंबर पुढे गेला की चार नंबर आपोआप आत. धर्मशाळेला आज दार बसलं."

"ते मधल्या दोघांमुळे," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो. "आडवं फिरायचं काम त्यांनी केलं, म्हणून मागचे जागेवर राहिले."

"वाह, मास्तर," सर म्हणाले.

आप्पा लारीच्या मागे, निंबाखाली उभे होते. उजव्या हातानं शर्टाचा गळा धरून. मी त्यांच्याकडे बघितलं आणि हातातला लोचो खाली ठेवला. तेवढ्यात प्रवीण आला, गुडघ्याला माती, हातात बूट. त्यानं माझे पाय धरायचं नाटक केलं आणि सगळे हसले.

"साहेब, तुमच्यामुळे टीम वाचली. एक विचारू? कोल्हापुरात कडेच्या बॅकला किनार म्हणतात?"

मी चहाचा घोट घेतला.

"आणि जोडाशी जोर नको, असंही म्हणतात?"

"म्हणत असतील," मी म्हणालो.

"मी शाळेत असताना मिलमध्ये डबा घेऊन जायचो," प्रवीण म्हणाला. तो हसत नव्हता. "डबा ठेवला की टेबलाच्या पलीकडून कापड ओढायला उभा राहायचो. हे सगळे शब्द मी तिथे ऐकलेत. पहिल्या फोनलाच ओळखलं मी, बोलतंय कोण."

"मग बोलला का नाहीस, लेका? इतके महिने?"

"बोललो असतो आणि फोन बंद झाले असते तर?" तो म्हणाला. "सोमवारची वाट बघायचो मी."

मी नुसतं निंबाकडे बोट केलं.

तो गेला. मी मागोमाग गेलो. जायला नको होतं, पण गेलो. दोघं समोरासमोर उभे राहिले, हनुवट्या अगदी एका मापाच्या. लारीवरचे लोकही हळूहळू जवळ सरकले.

"भोक होतं, आप्पा," प्रवीण म्हणाला. "स्वातीनं दुसऱ्याच दिवशी दाखवलं मला. पदराच्या आत, तांदळाएवढं."

मला वाटलं आता आप्पा म्हणतील, मी सांगत होतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांची एक फुली चुकली नव्हती, त्यांना तेवढा हक्क होता. ते खाली बघत राहिले.

"भोक व्हतं," ते म्हणाले. "पन खडू माराले नको व्हता."

एवढं बोलून त्यांनी डोळे पुसायला हात वर केला, आणि शर्टाचा गळा सुटला. बटण नव्हतंच. आतलं बनियन दिसलं. एक भोक नाही, गळ्यापासून छातीपर्यंत भोकंच भोकं, धुऊन धुऊन जाळी झालेली. मे महिन्यातही बटण गळ्यापर्यंत का, ते तिथे सगळ्यांना कळलं. साऱ्या उधन्याची भोकं शोधणारा माणूस हे अंगावर घालून फिरत होता.

प्रवीणनं बोट पुढे केलं आणि बापाच्या छातीवर, बरोबर मध्ये, टेकवलं.

"आप्पा," तो म्हणाला. "आठे भोक शे."

आप्पांनी मान वाकवून बघितलं. "तुनी माय गयी तवयपासून शे," ते म्हणाले.

प्रवीणनं बोट काढलं नाही. तसाच उभा राहिला. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून आप्पांच्या गळ्याभोवती घातला, पुढून नीट झाकलं आणि म्हणाला, "घर चाला."

"कोनता घर?"

"आपला. पर्वत पाटिया. स्वाती भरीत-भाकरी करी राहिनी. तिले सांगीसन उनू मी, आज जितनूत तं आप्पाले लयसू." जिंकलो तर आप्पांना घेऊन येतो, असं तो बायकोला सकाळीच सांगून आला होता.

आप्पा मोटरसायकलवर मागे बसले. दोन्ही हात कुठे ठेवावेत त्यांना कळेना. मग मुलाच्या खांद्यांवर ठेवले. जिग्नेशभाईनं लोचोचं पुडकं बांधून दिलं. प्रवीणनं किक मारली, तेवढ्यात आप्पांनी त्याला थांबवलं आणि मला जवळ बोलावलं.

"साहेब."

मला वाटलं, आता चार नंबरला काहीतरी निरोप. सवयीनं मी खिशातला फोनही चाचपला.

"हाऊ आमना परवीन," आप्पा म्हणाले. दीड वर्षात हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते थोडं मागे सरकून बसले आणि त्यांनी मुलाच्या पाठीवरून नजर फिरवली, मानेपासून कमरेपर्यंत, सावकाश. ऊन चांगलं वर आलं होतं, उजेड भरपूर होता. मी खडूची वाट बघत होतो.

"जाऊ दे," आप्पा म्हणाले.